काळ्या दोऱ्यातला ताईत
चपलेच्या दुकानात कोऱ्या चामड्याचा वास आला, की मला ती एसटी आठवते. जळगावहून भडगावला परतताना भर दुपारी माझी साखर एकदम उतरली. सगळं ऐकू येत होतं, पण जीभ वळेना आणि हात उचलवेना. ‘मिरगी आली,’ म्हणत कंडक्टरने कुणाची तरी कोरी चप्पल माझ्या नाकाला लावली. ‘मधुमेह आहे, भोवळ आली तर साखर द्या,’ असं कोरलेला बिल्ला माझ्या गळ्यातच होता. पण लग्न जमेपर्यंत कुणाला कळू नये म्हणून आईने तो काळ्या कापडात शिवून काळ्या दोऱ्यात घातला होता. घाम पुसताना एका बाईचा हात त्याला लागला, तशी शेजारची म्हातारी ओरडली, ‘हात नका लावू, ताईत शे तो!’ सगळे हात मागे सरले. उघडा, अरे उघडा, मी आतल्या आत किंचाळत होते. शेवटी बाहेरची बाधा समजून त्याच म्हातारीने मुक्ताईच्या प्रसादाची खडीसाखर माझ्या गालात सारली, म्हणून वाचले. आता बिल्ला मनगटावर उघडा असतो. तरी बघायला पाहुणे आले, की पोह्यांचा ट्रे हातात देता देता आई माझी बाही खाली ओढते.