नाल्यावरची याडी

हे मी आजवर कोणापाशीच बोललो नाही. बायकोपासून काही लपत नाही म्हणतात – हे लपलं. ती गेली, तरी लपलेलंच राह्यलं. आज तुमाले सांगून राह्यलो. काहून, ते विचारू नका. थकलो, एवढंच समजा.

दारव्ह्याले बांधकामाच्या ऑफिसात बाबू होतो मी. वडील बाबू, आजाही बाबू. मले मात्र नाद लागलता खडकांचे फोटो काढायचा. हसा, हसा – ऑफिसातलेही हसत. "भैताड आहे हा, लोकं नवरीचे फोटो काढतात, हा गोट्याचे काढते!" रविवार आला की सायकलवर कॅमेरा, स्टँड, डब्यात पोळी-भाजी, अन् निघालो. काळ्या खडकावर सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्याची एकेक चीर उठून दिसते. त्या उन्हासाठी जीव टाकायचो मी. माणसाचा फोटो कधी काढला नाही. माणसं हलतात.

कापसाची ती वाईट वर्षं होती, तुमाले ठाऊकच आहे. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. अन् मी गोटे पाहत फिरत होतो. पण ते नाही सांगायचं मले. सांगायचं ते पुढं आहे – येतो तिथं, जरा दम खाऊ द्या.

दारव्ह्यापासून बऱ्याच आत एक बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्याच्या नाल्यावर काळ्या दगडाचे खांब उभे आहेत. कोणी टाकी लावून घडवावे असे सहा कोनांचे, पण घडवले कोणीच नाहीत. त्यातला एक एकटा, माणसाएवढा. तो तांड्याचा देव. याडी म्हणत त्याले – याडी म्हणजे आई. कमरेपर्यंत शेंदराचा थर, पिढ्यानपिढ्यांचा, बोटभर जाड. कापसाची वेचणी लागायच्या आधी तिले तेल-शेंदूर लावायचा, पहिलं फुटलेलं बोंड तिच्यापुढं ठेवायचं, अन् मगच तांडा वावरात जायचा. हे काम सक्रीबाईचं. सासूपासून चालत आलेला मान. नवरा वारल्यावर लोक कुरकुरले – विधवेचा हात कायले लावू द्यायचा देवाले? पण तांड्याचा मुख्य असते तो नायक, त्यानं ठेवला तिचा मान. दुसरं होतंच काय तिच्यापाशी? मी दिसलो की तांब्याभर पाणी आणून द्यायची. "गोटेवाले साहेब" म्हणायची.

नागपूरच्या एका प्रदर्शनाले फोटो पाठवायचा होता मले. खांबाची धार खालपासून वरपर्यंत सरळ हवी होती, अन् मधात तो शेंदूर आडवा येत होता. मले खडक पाहिजे होता, देव नाही. कळून राह्यलं ना तुमाले, कुठं चाललो मी?

वेचणी नुकतीच लागलती. तांड्यात चिटपाखरू नव्हतं, सगळे वावरात. मी रॉकेलचा फडका अन् बोथट चाकू घरूनच नेलता – म्हणजे ऐनवेळी मोह झाला, असंही म्हणता येत नाही. थराच्या खपल्या निघत गेल्या. खाली दगड असा काळाभोर, कोवळा निघाला, की बाप्पा! मले आनंद झाला. हो, आनंदच झाला. खपल्या नाल्यात लोटल्या, खडक धुतला, ऊन आलं, फोटो घेतले. शेवटच्या फोटोत तिच्यापुढचं बोंड येत होतं. तेही पायानं बाजूले केलं.

पुढच्या रविवारी गेलो तर सक्रीबाई नाल्याच्या अलीकडं बसलेली. याडीनं आपणहून शेंदूर टाकला, असं तांड्यात झालतं. देव रुसला की अंगावरचा शेंदूर टाकते म्हणतात. अन् काहून रुसला? तर विधवेचा हात लागला. मान काढून घेतला तिचा, नाला ओलांडायची बंदी केली. मले पाहून ती उठली. हात जोडले.

"साहेब, तुमी त लय फोटो काढता न. याडीचाही असन. त्याच्यात पाहून सांगा, माह्या हातून काय चुकलं? शेंदूर कमी पडला का?"

काय सांगू! शेंदूर होता तेव्हाचे फोटो माझ्यापाशी होते. नव्हता तेव्हाचेही होते. एक वाक्य बोलायचं होतं मले. नायकानं फार तर चार शिव्या दिल्या असत्या. पण प्रदर्शनात फोटो निवडला गेला असता, नाव छापून आलं असतं, अन् नावाखाली ही भानगड – ते डोळ्यांपुढं आलं. म्हटलं, "रोल खराब झाला बाई."

"असू द्या," ती म्हणाली. "तुमी तरी काय करान." अन् पाणी आणाले गेली. मी ते पाणी पेलो.

त्या साली दुसऱ्या वेच्याले अळी पडली. बोंडं सडली. तेही तिच्याच माथी. तिच्या वावरात वेचाले बाया येईनात, तिले कोणी आपल्या वावरात बोलवेना. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात ना – चोर दारव्ह्यात बसून चहा पेत होता, फोटोले बक्षीस मिळालं म्हणून ऑफिसात पेढे वाटत होता. मी पुन्हा तिकडं फिरकलो नाही.

रिटायर झाल्यावर एकदा गेलो. सांगूनच टाकू म्हटलं. खांबावर पुन्हा शेंदूर चढलता, दुसऱ्या कोण्या बाईच्या हातचा. सक्रीबाई पार वाकलेली, तिथंच, नाल्याच्या अलीकडं. दरसाल पहिलं बोंड इथूनच दाखवते म्हणाली. "माह्याच हातून काही झालं असन साहेब. अजून सापडत नाही मले." इतक्या वर्षांनी ती अजून आपली चूक शोधून राह्यलती! मी पोळीचा डबा तिच्यापाशी ठेवला अन् परत आलो. मागच्या उन्हाळ्यात ती वारल्याचं कळलं.

फोटो माझ्या बैठकीत लावलेला आहे. काल व्याही आलते, चष्मा लावून कितीतरी वेळ पाहत उभे होते. "काय स्वच्छ खडक सापडला हो तुमाले," म्हणाले.

मी हो म्हटलं.