खरवडीची डबी

बायकोचा चेहरा कशाने बिघडला, हे मला नऊ वर्षांपूर्वी एका गुरुवारी दुपारीच कळलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मागच्या महिन्यात तिला बाकीचं सगळं सांगितलं, हा गुरुवार तेवढा गाळून. आता लिहायला बसलोय तर दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो. खाली सोसायटीचा माळी झाडांना पाणी घालतोय, तेच बघत उभा राहिलो.

तेव्हा मी साकीनाक्याला एका लहान कारखान्यात होतो. तोंडाला लावायची क्रीमं, पावडरी, फाउंडेशन असा माल आम्ही बनवायचो आणि त्यावर दुसऱ्यांची नावं लागायची. माझं काम वजनाचं. मोठी पिंपं दुसरे ओतायचे, मी छोट्या काट्यावर बारीक माल तोलायचो. रंग, वास आणि क्रीम नासू नये म्हणून घालायचं प्रिझर्व्हेटिव्ह. प्रत्येक जिन्नस घातला की कागदावर टिक करायची, एवढा साधा नियम.

भरणं संपलं की मिक्सरच्या तळाला, कडांना चिकटून जे राहायचं ते आम्ही खरवडून कोऱ्या पांढऱ्या डब्यांत काढायचो आणि शनिवारी आपसात वाटून घ्यायचो. त्याला खरवडच म्हणायचो, दुधाच्या टोपाला धरते तशी. मालकाची ना नव्हती. निम्म्या साकीनाक्याच्या बायका आमच्या खरवडीवर गोऱ्या होतायत, असं एक मिक्सरवाला म्हणायचा.

बायकोला त्याच सुमारास मुलुंडमधल्या एका दाताच्या दवाखान्यात काउंटरवर काम लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला गोड शब्दांत सुचवलं होतं की समोर बसायचं तर थोडं नीटनेटकं यावं. तिने दोन-तीन पावडरी आणून पाहिल्या. ती सावळी, त्यात तांबूस झाक. बाजारातलं काहीही लावलं की तोंड राखाडी दिसायचं. आरशासमोर उभी राहून म्हणायची, गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखी दिसते मी. हसायची, पण मग पदराने पुसून टाकायची आणि तशीच निघायची.

म्हणून सावळ्या रंगाच्या फाउंडेशनची बॅच आली तेव्हा मी जरा जास्तच जीव लावला. रंग जमला का हे बघायला सुपरवायझर माझाच हात पुढे घ्यायचा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पट्टा ओढायचा. त्या दिवशी मी लाल थोडा वाढवायला लावला. पट्टा घेऊन खिडकीपाशी गेलो, उजेडात हात धरला, तर पट्टा कातडीत विरघळून दिसेनासा झालेला. मनात आलं, आमचा दोघांचा वर्ण एकच, म्हणजे हा हिचा रंग. किती वेळ तिथे उभा होतो कुणास ठाऊक. परत आलो तर प्रिझर्व्हेटिव्ह घातलं की घालायचं राहिलं, आठवेना. कागदावर टिक नव्हती. टिक नाही म्हणजे घातलेलं नाही, असं धरून मी ते तोललं, घातलं आणि टिक केली.

शनिवारी खरवडीची डबी घरी नेली. तिने लावली आणि मला हाक मारून म्हणाली, "अहो, बघा, लावलंय असं वाटतंच नाही." मी मान डोलावली.

दोन आठवडे ती रोज लावून गेली. त्यानंतरच्या रविवारी घरी कोळंबी होती. आईने कालवण केलं होतं, बायकोने कोकमाची सोलं घालून सुकी केली होती. सोमवारी सकाळी तिच्या पापण्या सुजल्या आणि बुधवारपर्यंत गाल लालबुंद होऊन सोलवटले. आईने निकाल दिला की कोळंबी बाधली. मग मालवणीत भर घातली, "आमच्या टायमाक खोबरेल तेल होता, कोणाची तोंडा बिघडली नाय."

गुरुवारी कारखान्यात महिन्याची मोजदाद होती. प्रिझर्व्हेटिव्हच्या डब्यात एक माप कमी भरलं. बरोब्बर एका बॅचचं माप, म्हणजे त्या दिवशी मी ते दोनदा घातलं होतं. मी डबा परत काट्यावर ठेवला, उतरवला, परत ठेवला. काटा तेच दाखवत होता. त्या बॅचचे खोके छापून यायचे होते, म्हणून माल अजून गोडाऊनमध्येच होता. मी मालकाला जाऊन सांगितलं, वजनात माझी चूक झाली. माल फेकला गेला, मी शिव्या खाल्ल्या. ज्या दोघांनी त्याची खरवड नेली होती, त्यांच्याकडून डब्या मागून घेतल्या. त्यांना म्हणालो, क्रीम फाटलंय.

म्हणजे मालकाला सांगता आलं, त्या दोघांनाही काहीबाही सांगता आलं. घरी आलो आणि मोरीच्या वरच्या फळीवरची डबी गुपचूप पिशवीत घालून खाली टाकून आलो.

शुक्रवारी तिला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, तोंडाला नवीन काही लावलं होतं का? ती म्हणाली, "नाही, म्हणजे ते घरचंच. हे स्वतः बनवतात." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पुढे खाण्याचं विचारलं. मी शेजारच्या खुर्चीत तिची पर्स धरून बसलो होतो. पर्सची चेन उघडत होतो, लावत होतो. खाण्यातलं ज्याचा संशय येतो ते बंद करा, असं त्यांनी सांगितलं आणि तिने कोळंबी सोडली.

त्या रविवारी आईने पुन्हा कोळंबी केली. बायको वरणभात जेवली. तिच्या वाटणीची मी खाल्ली.

सहा महिन्यांनी मी कारखाना सोडला, अंधेरीत एका ऑफिसच्या स्टोअरला लागलो. तिचा चेहरा भरून आला, पण पहिल्यासारखा राहिला नाही. काही लावलं तर सोसायचं, काही लावलं की कानशिलं पेटायची. कशाने ते कळेना. नवीन काही आणलं की आधी कानामागे लावून तीन दिवस थांबायची. बाद झालेलं सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचं. टाकवत नाही म्हणायची. कोकणातल्या लग्नांना जायचं ती टाळू लागली. आई नातेवाइकांत सांगायची, सुनेची कातडी भारी नाजूक, मडमेची. लोक हसायचे. मीही हसल्यासारखं करायचो.

मला माहीत होतं की एकदा अंगाने एखाद्या गोष्टीशी वैर धरलं की ते जन्मभर सुटत नाही. म्हणून ती दुकानात काही घेऊ लागली की मी खोका उलटा करून बारीक अक्षरं वाचायचो. त्या प्रिझर्व्हेटिव्हचं नाव दिसलं की काहीतरी खुसपट काढायचो. तारीख जवळ आलीय, सील सैल आहे, नाहीतर गरज काय आहे. ती मला चिक्कू म्हणायची. स्टेशनजवळच्या दुकानातली मुलगी एकदा म्हणाली, "काका, परीक्षा आहे का यावर?" बायको इतकी हसली, की मी खोका खाली ठेवून बाहेरच जाऊन उभा राहिलो. पण ती एकटी गेली की काय आणेल याचा नेम नसायचा. संध्याकाळी घरी आलो की आधी तिचे गाल बघायचे, मग चपला काढायच्या.

मागच्या महिन्यात आमच्या मुलीने हे मनावर घेतलं. ती आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, आई, अंदाज पुरे झाले. पत्र्याचा डबा तिने जेवणाच्या टेबलावर रिकामा केला. कॉम्पॅक्ट, अर्ध्या लिपस्टिका, ट्यूबा. बायको आठवून सांगत गेली आणि जे जळजळलं होतं त्या प्रत्येकावर मुलीने लाल टिकली चिकटवली. मग मोबाइलवर प्रत्येकात काय काय घातलंय ते शोधत बसली. मी पंखा कमी कर, आई झोपली होती त्या खोलीचं दार लाव, असं करत फिरत होतो. तासाभराने ती म्हणाली, सगळ्या टिकलीवाल्यांत एक नाव सारखं आहे. ते नाव तिने अडखळत वाचलं. "बाबा, तुझ्या कारखान्यात हे वापरायचे का रे?"

"वापरायचे," मी म्हणालो. "मीच घालायचो."

मग दोनदा घातल्याचं सांगितलं. खिडकी, मनगट, टिक, सगळं. बायको टिकल्या लावलेल्या डब्यांकडे बघत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने एवढंच विचारलं,

"मग कोळंबी?"

"कोळंबीचा काही संबंध नव्हता."

"तुम्हाला कधी कळलं?"

मुलगी मान वर करून बघत होती. मी म्हणालो, "आत्ता. हिने नाव वाचलं तेव्हा."

"मग दुकानात उलटंपालटं करून काय वाचायचात?"

"तारीख."

तिने एकेक डबी उचलून पत्र्याच्या डब्यात भरली आणि झाकण दाबलं.

मुलीने ते नाव नसलेलं एक कॉम्पॅक्ट शोधून आणलंय, सावळ्या रंगाचं, तांबूस झाक असलेलं. कानामागे तीन दिवस झाले, मग एक गाल, मग दोन्ही. गेले पंधरा दिवस ती रोज लावून दवाखान्यात जाते आणि काही होत नाही. मी तरी आल्या आल्या बघतोच. परवा तिने विचारलं, "काय बघता हो एवढं?" मी म्हणालो, काही नाही.

काल रविवार होता. ती बाजारात जाऊन स्वतः कोळंबी घेऊन आली, ओट्याशी उभी राहून साफ केली, सोलं घालून सुकी केली. नऊ वर्षांनी. आईने विचारलं, तुका चलता मां? ती म्हणाली, चालते, कायमच चालत होती. पुढचं सांगायचं काम माझं होतं. मी पाण्याचा तांब्या आणायला उठलो. परत आलो तर माझ्या ताटात तिने कोळंबी वाढून ठेवली होती. ती माझ्याकडे बघत होती. मी भात कालवत राहिलो.

एक गोष्ट मी तिला देणं लागतो. मला गुरुवारीच कळलं होतं आणि रविवारी तिच्या वाटणीची कोळंबी मी ते ठाऊक असताना खाल्ली, हे मला तिला सांगायचं आहे. आईच्या समोर.