चिंचोक्याएवढी गाठ

चाळीस वर्षं लोकांची पोटं उघडून आत बघितलेला सर्जन मी. चमत्कार, साक्षात्कार असलं काही कानावर आलं की माझं डोकंच फिरतं. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण गेल्या वर्षी अक्का गेली, आता सांगून टाकतो.

महायुद्ध संपलं, त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. नगरच्या एका इस्पितळात मी नवखा डॉक्टर होतो, भिंगारहून सायकलवर ये-जा करायचो. अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिला कोल्हारला दिलेली, भाऊजी तिथे शाळामास्तर. तिला कावीळ झाली तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे सखूआजीकडे नेलं. आजी रविवारी सकाळी उपाशीपोटी रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यानं धुवायची. पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली! एक पैसा घ्यायची नाही. अक्काची कावीळ दोनदा उतरली आणि दोनदा पुन्हा चढली. मला कळेपर्यंत तीन महिने गेले होते. अंगाला अशी खाज, की बिचारी रक्त येईस्तोवर खाजवायची.

मी जाम भडकलो. अक्काला नगरला आणलं आणि फाटकावरच्या शिपायाला बजावलं, "कोल्हारची कुणी म्हातारी आली तर आत सोडायची नाही."

मोठ्या साहेबांनी पोट तपासलं. फुगलेलं पित्ताशय हाताला लागत होतं. "स्वादुपिंडाचा कॅन्सर दिसतोय," ते म्हणाले. "पित्ताला दुसरी वाट करून देऊ, खाज थांबेल. त्यापलीकडे आपल्या हातात काही नाही." मी बाहेर येऊन व्हरांड्यात लहान मुलासारखा रडलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भर दुपारी वॉर्डात गेलो, तर अक्काच्या खाटेशी स्टुलावर सखूआजी! मांडीवर पितळी, त्यात चुन्याचं पाणी, पाण्यात अक्काचे हात. माझा तोलच गेला. "आजी, तीन महिने घालवलेस तू तिचे! ऊठ, चालती हो!"

आजी हलली नाही. शांतपणे म्हणाली, "बाळा, गाठ चिंचोक्याएवढीच हाय. आतड्याच्या उंबऱ्यावर बसलीया, घरात न्हाई शिरली. तेवढी काढ."

मी तणतणत निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी असिस्टंट रजेवर, म्हणून ऑपरेशनला मदतनीस म्हणून साहेबांच्या समोर मीच उभा. त्यांनी स्वादुपिंड चाचपलं, मान हलवली आणि पित्ताची नवी वाट जोडायला घेतली. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आतडं उघडून पित्तनळीचं तोंड बघाल का एकदा?"

"कशावरून?"

काय सांगणार, कप्पाळ! "सर... माझी बहीण आहे."

साहेब चिडले, पण उघडलं. नळीच्या तोंडाशीच गाठ होती — चिंचोक्याएवढी. कुठेही पसरलेली नव्हती. साहेबांनी गाठ काढून नळी आतड्याला पुन्हा शिवली.

कावीळ अशी चढ-उतार करणं ही या दुर्मिळ गाठीची एक खूण, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

दीड महिन्यानं अक्काला कोल्हारला पोचवलं आणि तिला घेऊन सखूआजीकडे गेलो. पाया पडून म्हटलं, "आजी, त्या दिवशी फार बोललो, माफ कर."

"कवा रं?" आजी बघतच राहिली. "मी आल्ते, व्हय. पन शिपायानं फाटकावरनंच हाकललं, डॉक्टरचा हुकूम हाय म्हनला. दिसभर लिंबाखाली बसले न् सांजच्या मोटारीनं माघारी आले. पोरीचं तोंड बी न्हाई दिसलं."

मी अक्काकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. "बाळ, त्या दुपारी तू एकटाच आला होतास रे. रिकाम्या स्टुलावर ओरडत होतास. मला वाटलं, जागरणानं झालं असेल, म्हणून बोलले नाही."

नगरला परतल्यावर शिपायालाही विचारलं. तो आजीसारखंच म्हणाला.

थकवा होता, भास झाला... मीही स्वतःला हेच सांगत आलोय. पण भासाला गाठीचं माप कसं कळलं? अक्का पुढे चाळीस वर्षं जगली, आणि मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आजीला मात्र कसलं कोडंच पडलं नाही. त्या दिवशी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "गाठ निघाली न्हवं? मग झालं तर." आणि अक्काच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

ती म्हातारी दिवसभर लिंबाखाली का बसली होती, याचं उत्तर तेवढं माझ्याकडे आहे.