लंकेआधीची दोनशे पावलं

माझ्या बायकोला, कुसुमला, प्रवासाला हरकत नाही, पण समुद्रावरच्या वाळूत चालायला आहे, असं धंतोलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी मंगळवारी संध्याकाळी सांगितलं. "पाय मुरगळला तर पुन्हा माझ्याकडेच याल. रेतीत दोनशे पावलं काठीशिवाय चालता आली तर जा, नाहीतर हा विचार सोडा." गाडी सोळा दिवसांवर होती.

ही एकोणऐंशीच्या सुरुवातीची गोष्ट. कुसुमचा धाकटा भाऊ अशोक श्रीलंकेत समुद्रकाठच्या एका हॉटेलात आचारी होता. तिथल्या प्रत्येक नोकरमाणसाच्या घरच्यांना एकदा आठ दिवस खोली मिळायची. त्याची पाळी त्या फेब्रुवारीत आली. ती हुकली की पुन्हा कधी, ते कुणी सांगत नव्हतं. 'खोलीपासून पाण्यापर्यंत दोनशे पावलं, सगळी वाळू,' असं त्याने कौतुकाने लिहिलं होतं. डॉक्टरांचा आकडा त्याच पत्रातला. कुसुमनेच ते त्यांना वाचून दाखवलं होतं. वर्षभरापूर्वी ती स्कूटरवरून पडली आणि मांडीत सळई बसली, तेव्हापासून समुद्र हा तिच्या बोलण्यातला एकच विषय होता. तो तिने कधी पाहिलेला नव्हता. मीही नाही.

बाकीची तयारी सोपी होती. पासपोर्ट आले होते. कॉलऱ्याची सुई टोचून झाली होती. गांधीबागेतून दोन सुती पातळं आणली, भिजली तरी अंगाला न चिकटणारी. दुकानदाराने कुठे चाललात ते विचारलं आणि ऐकून म्हणाला, "उन्हात पडाले परदेशात जाऊन राहिले? नागपुरात कमी पडलं का जी?"

प्रश्न फक्त वाळूचा होता, आणि ती दारासमोरच होती. शेजारचे देवराव मेश्राम वरचा मजला बांधत होते. कन्हानच्या रेतीचा एक ट्रक गल्लीत येऊन पडला होता. सिमेंट परवान्यावर मिळायचं, ते यायचं होतं. मी त्यांना डॉक्टरांची अट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्यांनी फावड्याने ढीग भिंतीच्या कडेकडेने पसरला होता. लांबी अठरा पावलं.

"काहून पसरवली?" मी विचारलं.

"ओली आहे जी. वाळून राहिली."

कुसुम रोज शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी त्या पट्ट्यावर चालायची. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर. नळावरच्या बाया म्हणायच्या, "लंकेले पायीच निघाल्या का जी बाई?" ती म्हणायची, "हो, तुमचे डबे बांधून द्या." पण काठी बाजूला ठेवली की तिसऱ्या-चौथ्या पावलाला ती भिंत धरायची. दहा दिवस गेले तरी आकडा चाराच्या पुढे सरकेना. अकराव्या दिवशी अशोकचं पत्र तिने उशीखालून काढून कपाटात ठेवलं. शनिवारी संध्याकाळी तीच म्हणाली, "उद्या कन्हानले नेता का? नाही जमलं तर नदी तरी पाहून येऊ."

नागपूरहून कन्हानला कामठीवरून बस जाते. तास लागतो, आणि तेव्हा तिकीट दोन रुपयांच्या आत होतं. पुलाअलीकडे उतरून डावीकडची पायवाट धरावी. डब्यात कोथिंबीर भरलेली सांभारवडी आणि दहीभात होता. फेब्रुवारीत पात्र आटलेलं असतं, पाणी पलीकडच्या काठाला एका धारेत, आणि मधल्या रेतीत टरबुजाचे वेल नुकते लावलेले असतात. त्या वेलांना डब्याने पाणी घालणारी एक म्हातारी आम्हाला बघत होती. कुसुमची काठी दर पावलाला वीतभर आत जायची, ती उपसताना तोल जायचा.

"त्या काठीनंच पडसान वं माय," म्हातारी म्हणाली. "काठी फसते, तुमी तिले ओढता. टाका ना तिले. चपला बी काढा. पाय सपाट टाका, टाच रोवू नका. आन् तुम्ही जी," हे मला, "बाजूले व्हा. काहून टेकू देऊन राहिले?"

मी बाजूला झालो. काठी माझ्याकडे आली.

कुसुम मोठ्याने मोजत निघाली. विसाला थांबली, चाळिसाला पुन्हा. मागे वळून पाहिलं नाही. नव्वदीच्या पुढे तिचा आवाज ऐकू येईनासा झाला, तेव्हा मीही चपला हातात घेऊन अंतर ठेवून निघालो. ती पोचली तेव्हा पाऊल घोट्यापर्यंत पाण्यात होतं.

"एकशे त्रेसष्ट," ती म्हणाली. "रेती संपली नं."

उरलेली सदतीस ती काठाकाठाने पाण्यात चालली. पातळाचा काठ भिजला तो भिजला. डबा आम्ही तिथेच उघडला आणि म्हातारीलाही बोलावलं. सांभारवडी खाऊन ती एवढंच म्हणाली, "मीठ कमी आहे."

घरी पोचलो तर चार वाजले होते. बातमी सांगायला मी शेजारी गेलो. देवराव बाहेर गेले होते. त्यांच्या पत्नी शांताबाईंनी चहाला आत बोलावलं. मधल्या खोलीत फळ्यांवर सिमेंटची पोती रचलेली होती, वरून गोधडी पांघरलेली.

"हे कधी आलं?"

शांताबाई चहा गाळत राहिल्या. "झाले की दहा दिवस. रेती उचलली तं वहिनी चालतीन कुठं, म्हणे. तुमाले सांगू नको म्हटलं होतं मले." मग म्हणाल्या, "आमी निजतो बी पोत्यांच्या बाजूलेच. ओल लागली तं गोटे होतात त्याचे."

सहाच्या सुमाराला देवराव आमच्या दारात आले. कुसुमने त्यांना आकडा सांगितला, नदीतल्या सदतीस पावलांसकट. ते खाली बघत हसले. "बरं झालं जी वहिनी. आमचं बी सिमेंट आलं आजच."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पाय दुखावलेल्या माणसाला समुद्रावर न्यायचं असेल, तर तिकीट काढण्याआधी जवळच्या नदीवर न्या, आणि काठी तुमच्या हातात घ्या. त्या सहलीतून माझ्याजवळ एवढी माहिती उरली. गोधडीखालच्या पोत्यांचं मात्र कुसुमला मी गाडीत बसल्यावर सांगायचं ठरवलं.

सोमवारी सकाळी आठला देवरावांकडे गवंडी येणार होता आणि संध्याकाळपर्यंत पट्टा उचलला जाणार होता. त्याच दिवशी धंतोलीत डॉक्टरांना चालून दाखवायचं होतं. गुरुवारी मद्रासची गाडी, पुढे रामेश्वरम, तिथून बोट. वरच्या मजल्याचा स्लॅब पडायला महिना होता. तोवर आम्ही परतलेले असू. रोज सकाळी शिडीने वर चढून त्यावर पाणी मारण्याचं काम कुसुमने देवरावांकडून मागून घेतलं होतं.