आत्याच्या सोबतीला कोण?

आमच्या आत्यानं रत्नागिरी कायम खालून पाहिली. एक पाय लहानपणीच्या तापात गेलेला, काखेत कुबडी. घरातले सगळे किल्ल्यावर चढायचे तेव्हा ती पायथ्याशी डबे आणि चपला राखत बसायची. उतरल्यावर विचारायची, "वरनं काय काय दिसलं रे?" आम्ही "समुद्र, अजून काय?" म्हणून डबे उघडायचो.

ऐंशी सालानंतरच्या एका दिवाळीला मैदानात आकाशपाळणा उभा राहिला. आत्यानं तो अंगणातूनच हेरला. "मेल्या, मला तिथं ने." मी तेव्हा अकरावीत, ओठावर जेमतेम मिशी, आणि सगळा जीव त्या मिशीत. नेलं.

पाळण्याचे निम्मेच झोपाळे चालू होते. बाकीचे घाट उतरताना मोडले म्हणे, दोरीनं बांधून ठेवलेले. रांगेला मात्र अख्खं गाव. पाळणेवाल्याचा आवाज कर्ण्यासारखा. कुबडी दिसताच तो ओरडला, "बाजू द्या! अपंगांना रांग नाही! मावशी, पुढं या. सोबत कोण? एकट्याला बसवत नाही, झोपाळा कलतो."

रांगेतली सगळी डोकी वळली. त्यांत माझ्या वर्गातल्या मुली. पाळणेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या कोण ह्या?"

"माहीत नाही बुवा," मी म्हणालो.

हे वाक्य आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

पाळणेवाला आत्याकडे वळला. "सोबत नसेल तर बाजूला व्हा मावशी, खोळंबा होतोय." ती कुबडी वळवणार, तेवढ्यात रांगेच्या शेपटाकडून एक कोळीण मुसंडी मारत आली. बाजार उरकून आलेली, रिकामी पाटी कमरेवर.

"मी हाय सोबत! भयीन हाय माजी!"

"मग इतका वेळ कुठं होतात?"

"मासली कोन इकनार, तुजा बापूस?"

रांग हसली, आणि दोघी बहिणी पाटीसकट झोपाळ्यात बसल्या. त्या अगदी वर पोचल्या आणि वीज गेली. गाव काळंठिक्कर. वरून आत्याचा आवाज आला, "अगो बाई, होड्यांचे दिवे! किती गो!"

"त्यो बग, त्यो आमचा!"

खालून कुणीतरी ओरडलं, "दिवे बघून झाले असतील तर उतरा की!"

वीज येईना. शेवटी पाळणेवाल्यानं रांगेतले बाप्ये बोलावून चाक हातानं ओढायला लावलं. सगळ्यांत जास्त जोर मी लावला. आत्या खाली आली तसा मी खांदा पुढे केला.

"कोन गो ह्यो?" कोळणीनं विचारलं.

आत्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोण की बाई. चांगल्या घरातला दिसतो." मग मला म्हणाली, "अहो, जरा घरापर्यंत सोडता?"

मुली ऐकत होत्या. वाटभर आत्याची चौकशी चालू. "तुमचं घर कुठलं हो? आईवडील असतात ना?" घरी आल्यावर आईला म्हणाली, "वहिनी, पाहुणे आलेत, ताट वाढा." आई हसली. सकाळी चहाचा कप पुढे आला तोही "घ्या हो" म्हणतच.

संध्याकाळी मी तिला पुन्हा घेऊन गेलो. पाळणेवाल्यानं तोंड उघडायच्या आत बोंबललो, "सोबत मी! सख्खी आत्या आहे माझी!"

"हळू, झोपाळा हलतो," तो म्हणाला. "काल बहीण, आज भाचा. उद्या कोण आणताय मावशी?"

बसलो. मला उंचीची भीती वाटते हे मलाच माहीत नव्हतं. जमीन सुटली तसा मी दोन्ही हातांनी तिचा दंड धरला आणि डोळे मिटले. वर जाऊन झोपाळा थांबला. वारा खारट लागत होता. माफी मागायची म्हणून शब्द जुळवून आणले होते. ते तोंडात राहिले, अजून तिथंच आहेत.

"डोळे उघड की, मेल्या!" आत्या म्हणाली.

मेल्या! मला इतकं बरं वाटलं की डोळे जास्तच गच्च मिटले.

घरी आईनं मला विचारलं, "वरनं काय दिसलं रे?"

"समुद्र, अजून काय?" मी म्हणालो.

आत्या तोंडाला पदर लावून जी हसत सुटली, ती जेवायला बसेपर्यंत थांबली नाही.