टिंगची बादली

खाद्यपरंपरा आईच्या हातून लेकीच्या हाती जाते आणि अशी शतकानुशतकं टिकते, असं गंभीर चेहऱ्याने सांगणारे लोक मी पुष्कळ ऐकलेत. त्यांतल्या कुणीही मेलबर्नचा हिवाळा हिशेबात धरलेला नसतो.

मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरात आमच्या शेजारी बोट्स्वानाची, त्स्वाना समाजातली एक नर्स राहते. गेल्या वर्षी तिच्या आई आल्या होत्या. त्यांना सगळे ‘म्मा’ म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. लेकीला टिंग शिकवल्याशिवाय परत जायचं नाही, असं म्मांनी ठरवलं होतं. टिंग म्हणजे ज्वारीचं भरड पीठ कोमट पाण्यात कालवून आंबवायचं आणि मग त्याची घट्ट पेज शिजवायची. आमच्या आंबिलीची मावसबहीणच. ज्वारी इंडियन शॉपमधली, भरडली माझ्या मिक्सरने.

आल्या आल्या, ऊन होतं तेव्हा, म्मांनी एका बादलीत पहिलं टिंग केलं. झकास झालं. पुढची पाळी लेकीची. तिने आधी बादली उकळत्या पाण्याने, साबण लावून लख्ख घासली. नर्सच ती. पण नवं पीठ आंबतं ते बादलीच्या अंगाला राहिलेल्या जुन्या आंबटपणावर. ती कधी घासायची नसते. म्मा बादलीकडे बघत म्हणाल्या, "ऑपरेशन करायचंय का हिच्यात?"

तोवर थंडी पडली होती. कालवलेलं पीठ नुसतं बसून राहिलं. म्मांचं विमान आठवड्यावर आलं. लेक शिफ्टवरून आली की बूटसुद्धा न काढता आधी झाकण उघडून बघायची. शेवटी मी बादली आमच्याकडे आणली. माझा नवरा सोलापूरचा, त्यामुळे आमच्याकडे हीटर दिवसभर चालू असतो.

जायच्या आदल्या दिवशी दोघी आल्या. लेकीने बादली आईपुढे धरली. म्मांनी ती परत तिच्याकडे सरकवली.

"मला नको विचारूस. मी उद्या नाहीये. तू सांग."

लेकीने बराच वेळ वास घेतला. "झालंय," ती म्हणाली. मग हळूच, "ना?"

म्मांनी माझ्याकडे पातेलं मागितलं. पेज लेकीनेच शिजवली. म्मांनी खाल्ली आणि ताटली पुन्हा तिच्यापुढे धरली.

बादली अजून आमच्या कपडे धुवायच्या खोलीतच आहे. त्स्वाना बायकांची ही परंपरा क्रेगीबर्नमध्ये सध्या माझ्या नवऱ्याला थंडी वाजते, एवढ्यावरच टिकून आहे.