मुरूड ते श्रीवर्धन, जड ब्रेकसह

मोटार आल्यापासून आमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. एक ह्यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा. मोटार घेण्याइतकं शहाणपण आपल्या हातून आजवर झालं नाही, असं ते आल्यागेल्याला सांगतात. दुसरा मामंजींचा. तिसऱ्या हातची मोटार म्हणजे विकत श्राद्ध घेऊन सव्यापसव्य करणं, असं त्यांचं मत. मी कुठल्याच पक्षात नाही. मला फक्त त्या यंत्राच्या पोटात काय चालतं ते बघायचं असतं, आणि त्या हौसेपायी माझी दोन चांगली लुगडी तेलाने कायमची काळी झाली आहेत.

वैशाखात श्रीवर्धनचा एक सुपारीचा व्यापारी मुरूडला आला आणि सासूबाईंना त्यांच्या थोरल्या बहिणीचा निरोप सांगून गेला. एक डोळा गेला, दुसऱ्यात उजेड आहे तोवर तोंड दाखवून जा, एवढाच निरोप. वैद्य म्हणाले होते की पुढचा उन्हाळा काही ह्या डोळ्याला दिसायचा नाही. मृग लागला की खाडीवरच्या होड्या बंद, म्हणजे थेट दिवाळीपर्यंत वाट बघणं आलं. आगबोट होती, पण सासूबाईंना आगबोट इतकी लागते की त्या धक्क्यावरूनच परत येतात. ह्यांना कचेरीतून मोजकी रजा मिळाली. मामंजी घर राखायला राहिले, आणि ह्यांनी मोटारीवरची चादर काढली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. मुरूडहून आगरदांड्यापर्यंत रस्ता बरा आहे, फक्त लाल धूळ इतकी की केस विंचरताना फणी लाल होते. पेट्रोलचा एक डबा जवळ ठेवाच, पलीकडे मिळेलच असं नाही. आगरदांड्याला भरतीची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्यावी. आम्ही न विचारता गेलो आणि भर उन्हात नारळाखाली बसून राहिलो. सासूबाईंनी तेवढ्यात एका माळ्याकडून शहाळी मागवली आणि त्याच्या चारही मुलींची नावं, लग्नं, सासरं विचारून घेतली.

मोटार पलीकडे नेण्याची रीत बघण्यासारखी आहे. दोन होड्या शेजारीशेजारी बांधतात, वर आडव्या फळ्या टाकतात, आणि त्यावर मोटार चढवून चाकांना दगड लावतात. मग काथ्याच्या दोरांनी ती अशी आवळतात की जणू पळूनच जाणार आहे. आमचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, धर्मा नावाचा कोळी होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. खाडीच्या मध्यावर वारा उलटा झाला आणि लाटांचे शिंतोडे मोटारीच्या खालून थेट वर आले. धर्मा दोर सोडून मोटारीखाली वाकून बघत राहिला. मला वाटलं, ह्याला माझ्यासारखीच हौस असावी.

दिघीला उतरेपर्यंत दिवस कलला होता. बंदरावरच्या धर्मशाळेत मुक्काम केला. मोटार होड्यांच्या ओळीतच, वाळूवर उभी राहिली. ह्यांनी धर्माला सांगितलं, मोटार तुझ्या हवाली, तुझी होडी समजून सांभाळ. तो हो म्हणाला आणि आम्ही जेवायला गेलो. सासूबाई मासे खात नाहीत, तेव्हा बरोबर नेलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी. दिघीत मासे न खाणाऱ्याने शिदोरी न्यावी हे बरं.

सकाळी हे मोटारीत बसले, सवयीप्रमाणे ब्रेक दाबून बघितला आणि थांबले. पुन्हा दाबला. मग दोन्ही पाय लावले. पेडल खाली गेलं, पण फार नाखुशीने, आणि सोडल्यावर वर यायलाही त्याने वेळ घेतला. आदल्या दिवशी तेच पेडल लोण्यासारखं चालत होतं. मी विचारलं, काय झालं. काही नाही, गारठलंय, असं ह्यांचं उत्तर आलं. वैशाखात दिघीच्या बंदरावर काय गारठणार ते मी विचारलं नाही. हँडल मारलं, इंजिन सुरू झालं आणि आम्ही बोर्लीच्या वाटेला लागलो.

गंमत पुढे आहे. दोनेक मैल गेल्यावर ह्यांनी मान वळवून विजयी मुद्रेने सांगितलं की ब्रेक सुटला. खरंच सुटला होता. पण त्याच सुमाराला सासूबाईंनी पदर नाकाला लावला. मोटारीत माशाचा वास येऊ लागला होता. ह्यांनी शपथेवर सांगितलं की रस्त्याच्या कडेला सुकवलेल्या बोंबलांचा वास आहे. मी बाहेर बघितलं तर कडेला काजूची झाडं होती. माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

बोर्ली पंचतनला बाजाराच्या तोंडाशी एक चहाचं दुकान आहे. तिथे घावन आणि गुळाचा चहा चांगला मिळतो, आणि दुकानदार न विचारताच रस्त्याची माहिती देतो. पुढे खिंड लागते, उतार उभा आहे, एका वळणावर एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि लाकडं भरलेल्या बैलगाड्या नेमक्या त्याच वळणावर समोर येतात, असं त्याने चहा गाळता गाळता सांगितलं. आम्ही सावलीत बराच वेळ रमलो. उठून मोटारीत बसलो तर पेडल पुन्हा जड. वासही गेला होता.

आता ह्यांचा चेहरा उतरला. हे घाबरणारे नाहीत, पण मागे आई बसली आहे म्हटल्यावर माणसाचा हिशेब बदलतो. थोडा वेळ चालवली की आपोआप सुटेल, मग उतरू, असं एकदा म्हणाले. मग म्हणाले, परत फिरू. सासूबाईंनी दोन्ही ऐकलं. मागच्या बाकावर त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या, आणि त्यांनी एकदाही चला म्हटलं नाही की राहू दे म्हटलं नाही. मला ते बघवेना.

मी म्हटलं, परत फिरायचं तर फिरू, पण आधी कारण कळू द्या. आपोआप आलेलं दुखणं आपोआप गेलं तर ते गेलं असं मी धरत नाही. शिवाय उतारावर हे नेहमी पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करतात. चालल्यावर सुटतं आणि थांबल्यावर धरतं ते पेडल, इंजिन बंद केल्यावर त्या वळणाशी पोचेपर्यंत काय करील ते सांगा, म्हटलं.  ह्यांनी कोट काढून बाकावर ठेवला.

ज्यांच्या मोटारीचं पेडल सकाळी असं जड होईल त्यांनी घाबरून एकदम सगळं खोलू नये, एकेकावरचा संशय दूर करत जावं. आम्ही आधी हातब्रेक सोडून मोटार ढकलून बघितली. चाकं मोकळी फिरली, म्हणजे चाकांतले ब्रेक चिकटून बसलेले नव्हते. मग हे खाली शिरले आणि पेडलापासून मागे जाणारी लोखंडी कांब पिन काढून वेगळी केली. आता पेडलाला ओढायला काहीच उरलं नव्हतं. मी वर बसून दाबलं. तरी ते तितकंच जड. म्हणजे चाकं निर्दोष, कांबा निर्दोष, चोर पेडलाच्या स्वतःच्या बिजागरीत. मला इतका आनंद झाला की मी दुकानदाराला दुसरा चहा सांगितला.

पायाखालची फळी उचलली. पेडल ज्या आडव्या दांड्यावर फिरतं तो दांडा आणि तो ज्यांत बसतो ती भोकं, सगळ्यावर तपकिरी, चकचकीत थर होता. बोट लावलं तर चिकटलं, आणि ओढलं तर तार आली. हे म्हणाले, आपलं तेल असं कधीच नसतं. तेवढ्यात सासूबाई मागून उतरून आल्या, वाकल्या आणि पदर बाजूला करून त्यांनी मुद्दाम वास घेतला.

"ही राळ आहे," त्या म्हणाल्या. "मुशीच्या तेलात कढवून होडीला लावतात. श्रीवर्धनला आमच्या परसाच्या पलीकडेच होड्या ओढून ठेवायचे. हा वास मला झोपेतही कळेल."

मग सगळं एका दमात उलगडलं. मुशी मासा, त्याचं तेल, त्यात राळ. इंजिन तापलं की राळ पातळ व्हायची, पेडल मोकळं व्हायचं आणि वास सुटायचा. इंजिन निवलं की राळ धरायची आणि वासही निजायचा. म्हणून वास आणि मोकळं पेडल नेहमी जोडीने येत होते. दुकानातून रॉकेल आणलं, जुन्या धोतराच्या चिंध्या घेतल्या, आणि हे खाली व मी वर अशी आम्ही ती बिजागरी घासली. शेवटी मोटारीचं तेल सोडलं. पेडल पहिल्यासारखं खाली गेलं आणि पहिल्यासारखं वर आलं. हातब्रेकचा सांधाही त्याच तेलाने माखला होता, तोही धुतला.

खिंड दुकानदाराने सांगितली तशीच आहे. गाडी एकच आली, बैलांनी आमच्याकडे तुच्छतेने बघितलं आणि ते कातळाच्या अंगाला सरकले. ह्यांनी उतारभर इंजिन सुरू ठेवलं आणि गरज नसतानाही मधूनमधून ब्रेक दाबून आम्हाला दाखवला. खाली उतरलं की पोफळीच्या वाड्या सुरू होतात आणि हवा एकदम ओली, गार लागते. श्रीवर्धनच्या वाड्यांतून मोटार हळू न्यावी लागते, रस्ता अरुंद आणि गडग्यांवर, म्हणजे दगडी कुंपणांवर, वाळत घातलेली सुपारी. धक्का लागला तर मालकीण हातातलं काम टाकून बाहेर येते, हे अनुभवाने सांगते.

ह्यांच्या मावशी पडवीत बसल्या होत्या. पाऊल वाजल्यावर उठल्या, पण मिठी मारायच्या आधी त्यांनी सासूबाईंचा हात धरून त्यांना अंगणात, ऊन होतं तिथे नेऊन उभं केलं. मान तिरकी केली, कारण त्यांना आता कडेनेच थोडं दिसतं. कपाळ, भुवया, नाकाजवळचा तीळ, असं एकेक त्या बराच वेळ बघत होत्या. सासूबाई शाळेतल्या मुलीसारख्या हात सरळ सोडून उभ्या होत्या. मग मावशी म्हणाल्या, "तू आईसारखी दिसायला लागलीस." तेव्हा दोघी रडल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच पाणी प्यायले.

परतताना दिघीला ह्यांनी धर्माला गाठायचं ठरवलंच होतं. वाटभर शब्द जुळवत होते. पण धर्मानेच पुढे येऊन मोटारीचं टप हाताने थोपटलं आणि गाडी ठीक हाय ना, असं विचारलं. ह्यांनी खाली बोट दाखवून विचारलं, हे तू लावलंस का.

"व्हय," धर्मा म्हणाला. "खारं पानी सगलं खालून आत गेलं व्हतं. रातभर तसंच ऱ्हायलं तं लोखंड खाल्लं असतं. तुमी होडी समज म्हनलात. आमची होडी आमी सांधं बुजवल्याबिगर ठेवीत न्हाय."

मी त्याला फळी उचलून दांडा दाखवला. मोटारीतला हा सांधा हलायला हवा, बुजला तर ब्रेक लागत नाही आणि माणसं मरतात, असं सांगितलं. त्याने पेडल हाताने दाबून, सोडून, पुन्हा दाबून बघितलं. त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं, पण त्याहून नवल जास्त वाटलं होतं. होडीचा सांधा हलला तर होडी बुडते, असं तो स्वतःशीच म्हणाला. ह्यांनी जुळवलेले शब्द तसेच राहिले. धर्माने त्या खेपेला मोटारीखाली ताडपत्री बांधली आणि एक शिंतोडा आत येऊ दिला नाही. ही युक्ती जाणाऱ्यांनी आधीच करून घ्यावी.

मुरूडला पोचलो तेव्हा मामंजी ओटीवरच होते. ह्यांनी त्यांना ब्रेकची हकिकत तिखटमीठ लावून सांगितली, त्यात पिन काढणारे आणि चोर पकडणारे दोन्ही तेच होते.  राळेचे डाग बोटांवर आठवडाभर राहिले, वास त्याहून जास्त. इतकं करून प्रवास कसा झाला असं कुणी विचारलं तर मी खिंड सांगते, पोफळी सांगते, घावन सांगते.

सासूबाई मात्र कुणालाच काही सांगत नव्हत्या. मला वाटलं, बहिणीचा डोळा आता जाणार ह्याचंच त्यांना लागलं असेल. एकदा भाजी निवडताना मी तसं म्हटलं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"तसं नाही गं," त्या म्हणाल्या. "तिने मला बघून घेतलं. आता मी कितीही म्हातारी झाले, दात पडले, पाठ वाकली, तरी तिच्यापाशी मी ह्या वैशाखातलीच राहणार. तसं दुसऱ्या कुणापाशी राहता येतं का मला?"